विलोमविधी : उत्तराकडून प्रश्नाकडे

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त शिबिरातील भाषणाचा मजकूर)



एखाद्या गावच्या शाळेसाठी बाके घ्यावयाची आहेत असे समजा. मंजुरी ५०,००० रुपयांची आहे. तालुक्याच्या ठिकाणचा सुतार एका बाकाला २,५०० रुपये सांगतो आणि बाके कितीही असोत, ट्रकचे भाडे १,५०० रुपये पडते. सभेत हिशेब होतो : अडीच हजारांचा एक, तर पन्नास हजारांत वीस. ठराव लिहिला जातो, सूचक-अनुमोदकांची नावे पडतात, बाके येतात आणि देयक येते ५१,५०० रुपयांचे. वरचे दीड हजार कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे हे कोणालाच सांगता येत नाही. वाढीव मंजुरीचा प्रस्ताव वर जातो, तो परत येईपर्यंत सुताराचे सगळेच पैसे अडकतात, आणि पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघतो तो निराळाच. एका साध्या वजाबाकीचा विसर पडल्याने एवढे सगळे घडते.

या व्यवहाराकडे गणिताच्या दृष्टीने पाहिले तर त्यात दोन वाटा दिसतात. बाकांची संख्या ठाऊक असेल तर खर्च काढण्याची वाट सरळ आहे : संख्येला २,५०० ने गुणावयाचे आणि १,५०० मिळवावयाचे. परंतु कारभारात प्रश्न बहुधा उलटा येतो. रक्कम आधी ठरलेली असते आणि तिच्यात काय बसते ते शोधावयाचे असते. त्यासाठी आलेल्या वाटेनेच, पण उलट पावली, परतावे लागते. आधी १,५०० वजा करावयाचे, मग २,५०० ने भागावयाचे. ४८,५०० ला २,५०० ने भागल्यास १९.४ येतात. बाक तुकड्यांत मिळत नाही. म्हणून १९ बाके घ्यावयाची, खर्च ४९,००० रुपये, शिल्लक १,०००.

बीजगणिताच्या भाषेत पहिल्या वाटेला एकघाती किंवा रेषीय फलन म्हणतात आणि दुसरीला त्याचे व्यस्त फलन. कोणत्याही संख्येला 'अ' ने गुणून त्यात 'ब' मिळवावयाचा, एवढेच रेषीय फलनाचे काम. त्याचे व्यस्त काढताना 'ब' वजा करून 'अ' ने भागावयाचे. सातवी-आठवीच्या मुलांना बेरीज व्यस्त आणि गुणाकार व्यस्त हे दोन शब्द परिचयाचे असतात. व्यस्त फलनात हेच दोघे एकत्र येतात. नवे आहे ते त्यांच्या क्रमात. कडब्याची गाडी भरताना जी पेंढी शेवटी रचली जाते, ती उतरवताना पहिली निघते. तळची पेंढी आधी ओढू पाहणाऱ्याची गाडी कोसळते. फलनात बेरीज शेवटी झाली असेल तर परतीच्या वाटेवर वजाबाकी आधी यावयास हवी.

हा विचार या देशाला परका नाही. शके ४२१ मध्ये, म्हणजे इसवी सन ४९९ मध्ये, आर्यभटाने आपल्या 'आर्यभटीया'तील गणितपादात एका श्लोकात हा नियम सांगितला. गुणक असतील ते परतताना भाजक होतात, भाजक असतील ते गुणक होतात. मिळवलेले वजा करावयाचे आणि वजा केलेले मिळवावयाचे. सुमारे साडेसहा शतकांनंतर भास्कराचार्यांनी 'लीलावती'त याच विधीला स्वतंत्र स्थान दिले आणि त्यात वर्ग व वर्गमूळ यांचाही समावेश केला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला आणि 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्या लेखाचा शेवटचा, मठाला मिळावयाच्या उत्पन्नाविषयीचा भाग जुन्या मराठीत आहे, हे पंचायत सदस्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. विद्येच्या खर्चाची तरतूद सामान्य लोकांना कळेल अशा भाषेत लिहिण्याची चाल तेवढी जुनी आहे.

'लीलावती'त या विधीचे जे उदाहरण आहे ते आजही वर्गात जसेच्या तसे देण्याजोगे आहे. एका संख्येला तीनने गुणले, आलेल्या गुणाकारात त्याचाच तीन-चतुर्थांश मिळवला, बेरजेला सातने भागले, भागाकारातून त्याचाच एक-तृतीयांश वजा केला, जे उरले त्याचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, त्यात ८ मिळवले, आणि १० ने भागले, तेव्हा २ आले. तर मूळ संख्या कोणती?

दोनापासून मागे निघावे. दोनाला दहाने गुणून २०, त्यातून ८ वजा करून १२, त्याचा वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, त्याचे वर्गमूळ १४. येथपर्यंत कोणताही चुणचुणीत विद्यार्थी न अडखळता येतो. पुढची पायरी मात्र कसोटीची आहे. जाताना 'त्याचाच एक-तृतीयांश' वजा केला होता. मग येताना १४ चा एक-तृतीयांश मिळवावा काय? बहुतेक मुले, आणि संकोच बाजूला ठेवून बोलावयाचे तर बहुतेक मोठी माणसेही, तसेच करतात. ते चूक आहे. जो एक-तृतीयांश गेला तो मोठ्या संख्येचा होता. हाती उरलेली संख्या लहान आहे. भास्कराचार्य येथे एक खास सूचना देतात. जेथे संख्येचा स्वतःचाच अंश मिळवला असेल तेथे परतताना छेदात अंश मिळवावा, आणि जेथे वजा केला असेल तेथे छेदातून अंश वजा करावा. अंश तसाच ठेवावा. एक-तृतीयांश वजा केला होता, म्हणून छेद तीनातून एक जाऊन दोन, आणि आता एक-द्वितीयांश मिळवावयाचा. १४ मध्ये ७ मिळवून २१. सातने गुणून १४७. तीन-चतुर्थांश मिळवले होते, म्हणून छेद चार अधिक तीन म्हणजे सात, आणि आता तीन-सप्तमांश वजा करावयाचे. १४७ मधून ६३ गेले, ८४ उरले. तीनने भागून २८. हेच उत्तर.

जिज्ञासूंनी येथे थोडे थांबावे. वर्ग करण्याआधीच्या चारही क्रिया एकत्र केल्या तर त्यांचा परिणाम संख्या निम्मी करण्याएवढाच होतो. २८ चे १४ झाले ते त्यामुळेच. कितीही रेषीय फलने एकापुढे एक जोडली तरी शेवटी एकच रेषीय फलन उरते. वर्गाची गोष्ट मात्र निराळी आहे. १९६ चे वर्गमूळ उणे १४ ही होऊ शकते आणि मग मूळ संख्या उणे २८ निघते. पडताळून पाहिल्यास तीही प्रश्नात बसते. वर्गाला धन आणि ऋण अशी दोन मुळे असतात हे भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त स्पष्ट केले आहेच. रेषीय फलनाला असा संशय नसतो. त्याची परतीची वाट एकच असते. याला असलेला एक अपवाद पुढे येईल.

छेदात अंश मिळविण्याची ती सूचना आठ शतकांनंतर कार्यालयाच्या टेबलावर रोज उपयोगी पडते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्या खरेदीवर १८ टक्के कर आहे, तिचे करासह देयक ५९,००० रुपये आहे असे समजा. यात मूळ किंमत किती आणि कर किती? घाईने ५९,००० चे १८ टक्के काढले जातात : १०,६२०, आणि मूळ किंमत ४८,३८० लिहिली जाते. पडताळा घेतल्यास भांडे फुटते, कारण ४८,३८० वर १८ टक्के लावले की ५७,०८८ रुपये ४० पैसे होतात, ५९,००० नव्हेत. कर मूळ किमतीवर बसला होता, करासहच्या किमतीवर नव्हे. अठरा-शतांश मिळवले होते, तर परतताना अठरा-एकशे-अठरांश वजा केले पाहिजेत. ५९,००० चा तेवढा अंश ९,००० आणि मूळ किंमत ५०,०००. दोन उत्तरांत १,६२० रुपयांचा फरक आहे. सुटीच्या विक्रीतही हेच घडते. वीस टक्के सूट देऊन ८०० रुपयांना मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत ९६० नसते, १,००० असते. शंभरातून वीस गेले, छेद ऐंशी झाला, आणि आठशेमध्ये त्याचा पाव हिस्सा मिळवावा लागला.

क्रमाची चूक हिशेबाच्या वहीत पैशांची असते. दवाखान्यात ती याहून गंभीर ठरू शकते. तापमापक काही ठिकाणी फॅरनहाइटचा असतो आणि नोंदवहीचा रकाना सेल्सिअसचा. सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढताना अंशांना ९ ने गुणून ५ ने भागावे आणि ३२ मिळवावेत. परतताना ३२ आधी जातात, मग ५ ने गुणणे आणि ९ ने भागणे. १०२ अंश फॅरनहाइट ताप असलेल्या मुलाचे सेल्सिअसमध्ये ३८.९ अंश होतात. क्रम चुकून आधी गुणाकार-भागाकार केला आणि ३२ नंतर वजा केले तर २४.७ अंश येतात, म्हणजे तापाने फणफणलेले मूल कागदावर थंडगार पडते. बाकांच्या उदाहरणात अशी चूक केली असती तर ती लगेच उघडी पडली असती, कारण वीस बाकांतून दीड हजार रुपये वजा होऊ शकत नाहीत; एकके स्वतःच हरकत घेतात. येथे दोन्हीकडे अंशच असल्यामुळे हरकत घेणारे कोणी उरत नाही. वर्गात नुसत्या संख्यांची गणिते घोकणाऱ्या मुलांची चूक पकडली जात नाही, त्याचेही कारण बहुधा हेच असावे. शिक्षकांनी निदान पहिली चार-सहा उदाहरणे रुपये, लिटर, किलोमीटर यांच्यासह द्यावीत.

सेल्सिअसच्या मापनश्रेणीची एक मौजेची हकिकत या विषयाशी जुळते. स्वीडनचे ज्योतिर्विद आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये ही श्रेणी मांडली तेव्हा पाणी उकळते तेथे शून्य आणि गोठते तेथे शंभर असे त्यांनी धरले होते. ती उलटी करून आजचे रूप आले ते त्यांच्या निधनानंतर. जुन्या श्रेणीवरून नवीन काढावयाची तर शंभरातून अंश वजा करावयाचे. आणि नवीनवरून जुनी काढावयाची तरीही शंभरातून अंश वजा करावयाचे. हे फलन स्वतःच स्वतःचे व्यस्त आहे. जी वाट जाण्याची तीच येण्याची.

आता वर्गातील पद्धतीविषयी. पाठ्यपुस्तकांतून व्यस्त फलन काढण्याची एक कृती सांगितलेली असते : 'य' च्या जागी 'क्ष' आणि 'क्ष' च्या जागी 'य' लिहा, मग समीकरण 'य' साठी सोडवा. उत्तर बरोबर येते. 'क्ष' ला ४ ने गुणून ९ वजा करणारे फलन घेतले, तर अदलाबदल करून सोडवल्यावर 'क्ष' मध्ये ९ मिळवून ४ ने भागणारे फलन मिळते. ५ घालून पाहावे : चोक वीस, वीसातून नऊ गेले अकरा, अकरा आणि नऊ वीस, त्याचा चौथा भाग पाच. मूळ संख्या परत मिळाली, म्हणजे काम बरोबर झाले. परंतु ही अदलाबदल कशासाठी हे न सांगता ती शिकवली तर ती मंत्रासारखी पाठ होते. बाकांच्या हिशेबात अक्षरांची अदलाबदल केली तर रुपयांना बाके म्हणावे लागेल आणि बाकांना रुपये. तेथे केवळ बाकांची संख्या एका बाजूला आणावी, अक्षरे आपापल्या जागी राहू द्यावीत. दोन्ही फलनांचे आलेख एकाच अक्षांवर काढावयाचे असतील तेव्हाच अदलाबदलीचे प्रयोजन असते.

आलेख काढून दाखवणे मात्र टाळू नये. दोन्ही अक्षांवर समान प्रमाण घेऊन आरंभबिंदूतून पंचेचाळीस अंशांची तिरकी रेषा काढली, की मूळ फलनाची रेषा आणि व्यस्ताची रेषा एकमेकींची प्रतिबिंबे असल्याचे मुलांना दिसते. चौकटीचा कागद त्या तिरक्या रेषेवर दुमडून उजेडासमोर धरला तर एक रेषा दुसरीवर जाऊन बसते. मूळ रेषेचा चढ ४ असेल तर व्यस्ताचा पाव असतो. छेदाबाबत मुले हमखास चुकतात : मूळ रेषा उभ्या अक्षाला उणे ९ वर छेदत असेल तर व्यस्त रेषा अधिक ९ वर छेदत नाही, ती सव्वादोनवर छेदते, कारण मिळवलेल्या नवालाही चारने भागले जाते. सेल्सिअस-फॅरनहाइटच्या दोन रेषा काढल्या तर त्या उणे ४० वर भेटतात. दोन्ही तापमापक जेथे एकच आकडा दाखवतात ते हे ठिकाण.

चिन्हामुळे होणारा गोंधळही लक्षात घ्यावयास हवा. फलनाच्या अक्षराच्या डोक्यावर उणे एक लिहून व्यस्त दाखविण्याची पद्धत इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये वापरली. संख्येच्या डोक्यावरील उणे एक म्हणजे एक भागिले ती संख्या, हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणून ती फलनाच्या बाबतीतही एक भागिले फलन असे करून मोकळी होतात. मराठीत 'व्यस्त' हा शब्दही दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे घोटाळा दुणावतो. येथे 'विलोम' हा जुना शब्द पुन्हा वर्गात आणला तर बिघडणार नाही, उलट सोयच होईल.

आता तो अपवाद. 'अ' शून्य असेल तर परतीची वाटच नसते, कारण शून्याने भागता येत नाही. पुस्तकात हे एका ओळीत येते आणि विद्यार्थी ती ओळ ओलांडून जातो. गावात त्याचा अर्थ पुरता कळतो. अनेक गावांत नळपट्टी सरसकट असते : घरटी वर्षाची ठरावीक रक्कम, पाणी दोन हंडे वापरा की दोन टाक्या. पाण्याच्या वापरावरून पट्टी काढावयाची तर उत्तर नेहमी तेच. परंतु पट्टीवरून वापर काढावयाचा तर काहीच निघत नाही. साऱ्या पावत्या सारख्या, त्यांत कोणाचे पाणी किती हे लपून गेलेले. उन्हाळ्यात टाकी दुपारीच रिकामी होते, शेवटच्या आळीला पाणी पोचत नाही, आणि पंचायतीच्या दप्तरात पाहावे तर वसुली चोख. कोणी पाणी जास्त ओढले, की वाटेत कोठे नळवाहिनी फुटली आहे, याचे उत्तर त्या दप्तरातून काढता येत नाही. हिशेबनीस कितीही हुशार असला तरी नाही.

मीटर बसवला की 'अ' शून्य राहत नाही. समजा, जोडणीचा स्थिर आकार महिना १०० रुपये आणि दर हजार लिटरला १२ रुपये असा ठराव झाला. वीजदेयकांप्रमाणे टप्प्याटप्प्याने दर वाढता ठेवला तर आलेख एका सरळ रेषेऐवजी मोडत मोडत चढणारा होतो. प्रत्येक टप्प्याचे व्यस्त वेगळे काढावे लागते, पण तो चढताच राहिल्याने परतीची वाट बंद होत नाही. लहान गावाला एकच दर पुरे. आता एखाद्या घरी ३४० रुपयांची पावती आली, तर त्या घरची शाळकरी मुलगीही १०० वजा करून १२ ने भागेल आणि २० हजार लिटर हे उत्तर काढील. मग अंगणातल्या मीटरजवळ जाऊन मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा ताडून पाहील. तेथे १८ हजारच दिसले तर पावती २४ रुपयांनी जास्त आली आहे, आणि ती पावती घेऊन तिच्या वडिलांना ग्रामपंचायतीत जाता येईल.